गाडी थरथरते तेव्हा

बैलगाडीचे दिवस आठवणारी वडीलधारी मंडळी अद्याप आपल्यातील पुष्कळ घरांत आहेत. आमच्या लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या टापूत कापूस आणि संत्री बाजारात नेणारी ती गाडी लाकडी चाकांची असे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की चाकावरची लोखंडी धाव सैल पडे. मग शेतकरी चाक काढून नदीच्या पाण्यात भिजत ठेवी. लाकूड फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. यातला विशेष असा की, धाव सैल झाली आहे हे कळण्यासाठी त्याला खाली वाकून पाहावे लागत नसे. वंगण संपल्याची कुरकुर निराळी, आरा ढिला झाल्याची खडखड निराळी, आणि आस झिजल्यामुळे चाकाला येणारा झोल तर अगदीच निराळा. प्रत्येक दुखण्याला त्याच्यापाशी एक स्वतंत्र शब्द होता आणि त्या शब्दातच निम्मे निदान होऊन जाई.

पुढे दारात मोटार आली. दुखणी वाढली, शब्द मात्र एकच उरला: ‘व्हायब्रेशन’. एवढा एक शब्द उच्चारून आपण किल्ली मिस्त्रीच्या हाती देतो आणि संध्याकाळी पैसे मोजून गाडी परत आणतो. जन्मभर मुलांना नेमका शब्द योजण्याचा उपदेश करणाऱ्या मीही गेल्या उन्हाळ्यात हेच केले. त्या ढिलाईचे मोल किती झाले असते, हे आठवले म्हणजे आजही मन अस्वस्थ होते. म्हणूनच या वेळच्या सदरात थोडे घरगुती, पण प्रत्येक गाडीवाल्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल असे काही सांगावे म्हणतो.

सुटीत शिर्डीस जाण्याचे आमच्या घरी ठरले होते. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्यातला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि शेवटचा तुकडा 5 जून 2025 रोजी. या मार्गाने आम्हां सीमेअलीकडच्या मराठी माणसांनाही शिर्डी जवळ आली. मोटारीला तेथे सपाट भागात ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. निघणारी माणसे चार: माहेरी आलेली मुलगी, तिची तीन वर्षांची छोटी, आमच्या सौ. आणि सारथ्य करणारा मी.

गाडी आठ वर्षांची. वेगाचा काटा 80 च्या पुढे सरकला की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. प्रवासाआधी ती खोड काढून टाकावी म्हणून एका मोठ्या शहरातील गॅरेजमध्ये गाडी नेली आणि म्हणालो, ‘‘स्टिअरिंगमध्ये व्हायब्रेशन आहे.’’ त्यांनी पुढची दोन्ही चाके काढून यंत्रावर चढवली, बॅलन्सिंग केले, अलाइनमेंट केले, पावती दिली. परतीच्या वाटेवर हातातली थरथर खरोखरच थांबली होती. पावती मी गाडीच्या खणात ठेवली आणि तो विषय मनातून काढून टाकला.

विषय मात्र संपलेला नव्हता. तो कोठे शिल्लक राहिला होता हे सांगण्यापूर्वी गाडी मुळात थरथरते का, हे थोडे पाहू.

चौदा इंची रिम असलेल्या सर्वसाधारण मोटारीचे चाक एका फेऱ्यात सुमारे 1.95 मीटर अंतर तोडते. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. अर्थात त्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ तेरा वेळा फिरते. अशा चाकाच्या कडेला एका बाजूस केवळ 30 ग्रॅम वजन अधिक झाले, तर त्या वजनाचा बाहेर ओढण्याचा जोर साडेतीन किलो भाराइतका होतो. म्हणजे कोणी तरी साडेतीन किलोच्या जोराने चाकाला सेकंदात तेरा वेळा वर-खाली झटके द्यावेत, तसा हा प्रकार. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 45 च्या वेगाला तो चौथाईवर येतो आणि जाणवतही नाही. म्हणून गावात शहाणी वाटणारी गाडी महामार्गावर चढताच थरथरू लागते. रिमच्या कडेला शिशाचे किंवा जस्ताचे जे लहान तुकडे बसवलेले दिसतात, ते हीच तूट भरून काढण्यासाठी असतात. प्रवासात एखादा तुकडा गळून पडला तरी थरथर परत येते.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत थरथर आहे, डोल आहे, गचका आहे, हादरा आहे, खडखड आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालणारे नव्हेत. योगायोग असा की, मोटारीची दुखणीही साधारण याच वाटांनी वेगळी होतात.

पहिली थरथर. ती बारीक आणि जलद असते; बहुधा 80 ते 100 या पट्ट्यात उमटते आणि कधी कधी त्याहून पुढच्या वेगाला कमीही होते. हातात, म्हणजे स्टिअरिंगमध्ये जाणवली तर संशय पुढच्या चाकांवर घ्यावा. बैठकीत नि पाठीत जाणवली तर मागच्या चाकांवर. हा नियम अगदी काटेकोर नसला तरी पुष्कळदा खरा ठरतो. आमच्याकडे पावसाळ्यात याचे एक अस्सल गावरान कारण आढळते. संत्र्याच्या बागेत गाडी नेली की काळी चिकट माती रिमच्या आतल्या बाजूस थापली जाते आणि तेथेच वाळून बसते. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रस्त्याला गाडी थरथरू लागली की मालक घाबरतो. अशा वेळी गॅरेजकडे धाव घेण्याआधी चाके आतून पाण्याने स्वच्छ धुऊन पाहावीत. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अलाइनमेंट बिघडले म्हणजे गाडी एका अंगाला ओढते आणि टायर वाकडेतिकडे झिजते, पण थरथर ही सहसा त्याची खूण नव्हे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामे आहेत, जोडीने उच्चारली जात असली तरी.

दुसरा डोल. हा संथ असतो. 20-30 च्या वेगातच गाडी किंचित वर-खाली किंवा डावी-उजवीकडे हेलकावते, जणू चाक गोल नसून थोडे अंडाकृती आहे. आणि खरोखर तसेच असण्याचा संभव असतो. खड्ड्यात आपटून रिम वाकलेली असते, किंवा टायरच्या आतील तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागलेले असतात, किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीतील धागे तुटून तेथे फुगा आलेला असतो. गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी राहिली तर जमिनीवर टेकलेला भाग चपटा होऊनही डोल येतो. परंतु तो काही किलोमीटर चालल्यावर, टायर तापल्यावर, बहुधा निघून जातो. जो जात नाही, आणि दिवसेंदिवस वाढतो, तो डोल धोक्याचा. बॅलन्सिंगचे यंत्र वजनाची वाटणी दुरुस्त करील, आकार दुरुस्त करणार नाही.

तिसरा गचका. हा चाकांचा नव्हे, बहुधा इंजिनाचा किंवा क्लचचा असतो. गाडी सिग्नलला उभी असताना अंग हलत असेल तर चाकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण चाके फिरतच नसतात. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट नीट होत नसेल, प्लग किंवा त्याची कॉइल बाद झाली असेल, किंवा इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ते फाटले असेल, तर उभ्या गाडीत थरकाप जाणवतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडा कंप स्वाभाविकच असतो. गाडी नवी असताना किती होता तेवढे लक्षात ठेवावे. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना गचके बसत असतील तर संशय क्लचवर. वेग घेताना, पाय दाबताच गाडी थरकापत असेल आणि पाय सैल करताच थांबत असेल, तर इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा आतला सांधा तपासावा. वळण घेताना टकटक आवाज येत असेल तर त्याच दांड्याचा बाहेरचा सांधा.

चाक की इंजिन, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते तो वेग कायम ठेवून गिअर बदलून पाहावा. गिअर बदलला तरी त्याच वेगाला तीच थरथर राहिली तर दोष चाकांकडे. गिअरबरोबर ती बदलली तर इंजिनाकडे. चालत्या गाडीचे इंजिन बंद करून परीक्षा मात्र कोणी करू नये. तसे केल्यास स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही लवकरच संपते.

चौथा हादरा, ब्रेक दाबताच येणारा. पायातल्या पेडलला आणि पुष्कळदा स्टिअरिंगलाही तो जाणवतो. ब्रेकची डिस्क सर्वत्र सारख्या जाडीची राहिली नाही म्हणजे हे होते. लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. प्रत्यक्षात एका मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका जाडीतला फरकही हादऱ्याला पुरतो. छिंदवाड्याकडून सिल्लेवानी घाट उतरून सौंसरकडे येणारे पुष्कळ जण सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. डिस्क तापते, आणि घाटाखालीच हादऱ्यांना आरंभ होतो. उतारावर गिअर खालचा असावा, ब्रेक अधूनमधून लागावा, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण मोटारीलाही तितकीच लागू आहे.

पाचवी आणि सर्वांत भयंकर ती खडखड. चाक नुकतेच काढून बसवले असेल, पंक्चर काढले असेल किंवा टायर बदलले असेल, आणि त्यानंतर थोड्याच अंतरात खडखडीसह गाडी हलू लागली, तर पुढे एक फर्लांगही जाऊ नये. चाकाचे नट सैल असण्याचा संभव असतो. बाजूला थांबावे आणि पाना घेऊन नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. चाक बसवल्यावर 80-100 किलोमीटर झाल्यानंतर नट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत, हा नियम घरातील प्रत्येक चालवणाऱ्याने पाठ करावा.

तात्पर्य, मिस्त्रीकडे जाताना चार प्रश्नांची उत्तरे आपण स्वतःच तयार ठेवावीत. कोणत्या वेगाला? अंगाच्या कोणत्या भागाला? काय करीत असताना? आणि हे सुरू होण्याआधी काय घडले होते: खड्डा, पंक्चर, चिखल की दुरुस्ती? चार वाक्ये एका चिठ्ठीवर लिहून नेली तरी चालेल. डॉक्टरांपुढे ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणणाऱ्या रोग्याची आणि ‘संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो’ म्हणणाऱ्या रोग्याची चिकित्सा सारखी होत नाही.

आता माझ्या अपुऱ्या कथेकडे येतो. पावती खणात ठेवल्यानंतर आठवडाभर मी गावातच फिरत होतो. हळू वेगात गाडी थोडी डुलते, हे मला जाणवत नव्हते असे नाही. परंतु ‘बॅलन्सिंग झाले आहे’ या वाक्याने माझ्या मनाचे दार बंद करून टाकले होते. रस्ता खराब असेल, असे मी स्वतःला समजावीत होतो. निघण्याच्या आदल्या सायंकाळी सौ. आणि छोटी मागच्या बाकावर बसून बाजारात आल्या. परतताना सौ. म्हणाल्या, ‘‘अहो, गाडी दुरुस्त करून आणलीत ना? मग ही पाळण्यासारखी का हलते?’’

मी म्हणालो, ‘‘ती थरथर गेली. पावती आहे.’’

‘‘थरथर नव्हे हो. डुलते आहे. तुम्ही पुढे बसता, मी मागे बसले आहे. माझ्या कमरेखाली कोणी उचलून ठेवल्यासारखे होते.’’

जो शब्द मी मराठीचा एम.ए. असून गॅरेजमध्ये उच्चारला नव्हता, तो त्यांनी सहज उच्चारला. तरीही मी वाद घातला, हे कबूल करतो. केवळ त्यांच्या समाधानासाठी गाडी बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे वळवली. त्याने जॅक लावून मागचे डावे चाक उचलले, हाताने सावकाश फिरवले आणि टायरच्या आतल्या बाजूने बोटे फिरवीत नेली. एका जागी त्याची बोटे थांबली.

‘‘गुरुजी, इकडं हात लावून पाहा. आतून फुगलं हाये. बाहेरून कसं दिसन?’’

मी हात लावला. रबराखाली अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा स्पष्ट लागत होता. केव्हा तरी एखाद्या खड्ड्यात आपटून भिंतीतले धागे तुटले असावेत आणि आतील हवा तेथे रबर बाहेर रेटत असावी. ज्या गॅरेजमध्ये मी गेलो होतो, तेथे मागच्या चाकांना कोणी हातच लावला नव्हता. त्यांचे थोडे चुकले, हे खरेच. सर्व चाके पाहावयास हवी होती. परंतु मी ‘स्टिअरिंगमध्ये’ म्हणालो, त्यांनी स्टिअरिंगचे दुखणे बरे केले. माझ्या गाडीला दोन दुखणी होती आणि मी दोहोंना एकच नाव दिले होते.

‘‘कुठी चालले होते?’’ त्याने विचारले.

‘‘उद्या पहाटे शिर्डीला. समृद्धीने.’’

तो क्षणभर माझ्याकडे आणि मग बाकावर झोपी गेलेल्या छोटीकडे पाहत राहिला. ‘‘मंग देव घरीच पावला म्हना,’’ एवढेच बोलून त्याने पाना उचलला.

त्याचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. टायर फिरताना त्याची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सरळ होते. या दबण्यातून उष्णता निर्माण होते. वेग जितका अधिक, भार जितका अधिक, हवा जितकी कमी, तितके टायर अधिक तापते. वैशाखातला तापलेला सिमेंटचा रस्ता, चार माणसे नि सामान, आणि तासन् तास 100 च्या वर वेग; अशा स्थितीत तुटक्या धाग्यांच्या टायरने किती किलोमीटर तग धरला असता, याचा हिशोब मी त्या रात्री मनातल्या मनात वारंवार केला. फुगा आलेले टायर दुरुस्त होत नाही; ते बदलावेच लागते. मागची दोन्ही टायरे बदलली, चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. शिर्डी तीन दिवस पुढे गेली. साईबाबांना त्याने काही फरक पडला नसावा.

या निमित्ताने काही सवयी आम्ही घरात लावून घेतल्या. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना हवा तपासायची. किती भरायची याचा तक्ता चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. प्रत्येक टायरच्या आतल्या भिंतीवरूनही हात फिरवायचा. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपले असे समजायचे. खाचांमधल्या लहान उंचवट्यांना नक्षी टेकली की ती वेळ आली. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. 3521 असे असेल तर ते 2021 सालच्या 35 व्या आठवड्यात तयार झाले. जुने टायर कमी झिजलेले दिसले तरी रबर म्हातारे झालेले असते. आणि हो, स्टेपनीचीही हवा पाहायची, कारण ती आपल्याला फक्त संकटातच आठवते.

एक सवय मात्र या सर्वांहून मोलाची. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला विचारायचे, ‘तुला काय जाणवते?’ चालवणाऱ्याला हात कळतात. मागे बसलेल्याला पाठ कळते. शाळेतही मला हाच अनुभव आहे. ‘मुलगा अभ्यासात कच्चा आहे’ एवढे लिहून आपण प्रगतिपुस्तक मिटवतो. कोणत्या विषयात, कोणत्या तासाला, कोणत्या दिवसापासून, हे त्याच्या आईला विचारले तर पुष्कळदा असे निघते की, त्याला फळाच दिसत नाही आणि त्याला चष्म्याची गरज आहे. शेरा मारला की शोध थांबतो. माझ्या खणातली ती पावती असाच एक शेरा होती.

ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या पाठीवर सौ.चे वाक्य लिहून ठेवले आहे: ‘थरथर नव्हे, डुलते आहे.’ पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये नेताना ती चिठ्ठी सोबत असेल, आणि शक्यतो सौ.देखील.